भारी धान

गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा हे गाव धानाच्या मुलखातले. तेथील शेतकऱ्यास हलके धान आणि भारी धान ह्यांतील भेद कोणी शिकवावा लागत नाही. हलके धान लवकर निसवते व दिवाळीच्या सुमारास कापणीस येते. भारी धान त्यानंतरही बांधीत उभे असते. शेजारची बांधी मोकळी झाली म्हणून भारी धानास कोणी वाया गेलेले पीक म्हणत नाही. उलट, त्यास शेवटचे पाणी मिळावे म्हणून धनी बोडीकडे अधिक खेपा घालतो. हे शहाणपण शाळेच्या उंबरठ्याशी येताच कोठे नाहीसे होते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

अशा गावातील सहावीच्या एका मुलाचे चित्र श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावे. ऐकलेली गोष्ट तो रंगवून सांगतो, बाजाराचा हिशेब तोंडी करतो. पण पुस्तक उघडले की त्याची वाचा बंद होते. खालच्या वर्गांत एकच गुरुजी त्यास ओळखीत होते. आता विषय वाढले, प्रत्येक तासास शिक्षक निराळे, आणि प्रत्येक तासास फजितीही नवी. तो प्रथम मागच्या बाकावर सरकतो, मग उत्तर देणे सोडतो, शेवटी शाळाच चुकवू लागतो. आषाढात रोवणी सुरू झाली की बाप येऊन म्हणतो, "गुरुजी, ह्याच्या डोक्यात काही शिरत नाही. घरी राहिला तर चार बांध्यांना तरी उपयोगी पडेल." हा बाप निष्ठुर नव्हे. पाच वर्षे जो शेरा त्याने शाळेकडून ऐकला, तोच तो शाळेस परत करीत असतो.

म्हणून पहिले कर्तव्य हे की, मुलास 'आळशी' वा 'मठ्ठ' म्हणण्यापूर्वी त्याची अडचण नेमकी कोणती हे शोधावे. नजर अधू आहे काय? ऐकू कमी येते काय? बुद्धी सावकाश चालते, की बुद्धी उत्तम असूनही अक्षर व ध्वनी ह्यांची सांगड बसत नाही? ह्या शेवटच्या अडचणीस विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानलेल्या 21 प्रकारांत तिचा समावेश आहे. ज्यांचे दिव्यांगत्व 40 टक्के वा अधिक प्रमाणित झाले आहे, अशा मुलांस 6 ते 18 वर्षे वयापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क ह्याच कायद्याने दिला. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने उच्च प्राथमिक व माध्यमिक वर्गांसाठी अशा 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. हक्क कागदावर आला. तो बाकापर्यंत पोचविणे हे माणसांचे काम आहे.

हे काम माणसांनी पूर्वीही केले आहे. मुंबईत 1900 साली ॲना मिलार्ड ह्यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. 1944 साली जय व होर्मुसजी वकील ह्या दांपत्याने मंदगती मुलांच्या शिक्षणास आरंभ केला, तो आपल्याच कन्येच्या गरजेतून. कायदा येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

आता उत्तेजन म्हणजे काय, हे पाहू. पाठीवर कोरडी थाप म्हणजे उत्तेजन नव्हे. बारा वर्षांच्या मुलास खोटी स्तुती तत्काळ कळते, आणि ती त्यास निंदेहून अधिक लागते. खरे उत्तेजन म्हणजे त्याच्या हातून पुरे होईल एवढेच काम देणे आणि ते पुरे झाल्यावर पुढचे थोडे मोठे देणे. पान वाचता येत नसेल तर चार ओळी द्याव्या. त्या आदल्या दिवशी सांगून ठेवाव्या, म्हणजे घरी सराव करून तो वर्गात मान ताठ ठेवून वाचील. लिहिणे जड जात असेल तर इतिहासाचे उत्तर तोंडी घ्यावे. परीक्षा इतिहासाची आहे, हस्ताक्षराची नव्हे. वर्गात असे एक तरी काम त्याच्याकडे असावे की जे त्याच्यावाचून अडेल. आणि तो अडखळला असता उत्तर सांगण्याची घाई करू नये. क्षणभर थांबणे हाही अध्यापनाचा भाग आहे.

शहरातील सुशिक्षित घरांनी हा प्रश्न केवळ खेड्याचा मानू नये. खेड्यातील बाप मुलास रोवणीस नेतो. शहरातील बाप त्यास तीन शिकवण्यांत कोंडतो आणि पाहुण्यांपुढे त्याच्या गुणांचा विषय टाळतो. मुलास दोन्हींचा अर्थ एकच कळतो: घराला आपली लाज वाटते. भावंडांशी तुलना थांबविणे, तपासणीस न कचरणे आणि रोज अर्धा तास न रागावता जवळ बसणे, एवढे घराने केले तरी शाळेचे निम्मे काम हलके होईल.

धानाची उपमा मात्र एका जागी अपुरी पडते. भारी धान आपल्या वेळी आपोआप पिकते; मूल केवळ वाट पाहिल्याने शिकत नाही. त्यास निराळी वाट दाखवावी लागते आणि त्या वाटेवर सोबत करावी लागते. परंतु शेवटच्या पाण्याची गोष्ट दोघांसही सारखीच लागू आहे. सहावी ते आठवी हाच तो काळ, की जेव्हा बहुतेक हात आखडते घेतले जातात. त्याच वेळी बांध फोडून पाणी त्याच्याकडे वळविले, तर रोवणीच्या दिवसांतही तो मुलगा दप्तर घेऊन शाळेच्या दाराशी उभा दिसेल.