दोन भाषांच्या सांध्यावर


१९९७ साली जावाच्या १.१ या आवृत्तीत दोन गोष्टी एकदमच आल्या: घटना घडताच वर्दी घेणारे ‘लिसनर’ आणि सी भाषेशी जोडणारा जेएनआय हा दुवा. त्या दोहोंच्या सांध्यावरच मी एकदा फसलो. यंत्राचा संकेत येताच सीमधून लिसनरला हाक मारायची, एवढेच काम. मी लिसनरचा संदर्भ आला तसाच जपून ठेवला. परंतु असा स्थानिक संदर्भ ते फंक्शन परतताच बाद होतो. टिकवायचा तर ‘न्यूग्लोबलरेफ’ने वेगळा मागावा लागतो आणि काम सरल्यावर आठवणीने सोडावाही लागतो. शिवाय सीने उभारलेल्या थ्रेडला ‘अटॅचकरंटथ्रेड’ने जावाच्या दरबारी आधी नाव नोंदवावे लागते. मी तेही केले नव्हते. घरच्या चाचणीत मात्र, नशिबाने म्हणा वा दुर्दैवाने, सारे सुरळीत चालले. ग्राहकासमोर पहिल्याच संकेताला प्रोग्रॅम कोसळला.