विज्ञान, साहित्य आणि विकत घेतलेली संमती



अनिच्छुक जिवांवर केलेल्या क्रूर प्रयोगांची चर्चा कथावाङ्मयाच्या संदर्भात निघाली की ती बहुधा एका विक्षिप्त शास्त्रज्ञाभोवती घोटाळत राहते. एच. जी. वेल्स यांची १८९६ सालची डॉ. मोरोच्या बेटाची कादंबरी हा त्याचा ठळक नमुना. इंग्लंडमधून परागंदा झालेला हा शल्यविशारद पॅसिफिक महासागरातील बेटावर जनावरांची जिवंतपणी चिरफाड करून त्यांतून माणसे घडवू पाहतो. बंद दाराआडून येणारा प्यूमाचा आक्रोश ऐकवत नाही. मोरोला मात्र या व्यवहाराच्या नैतिक बाजूची कधी क्षिती वाटलेली नाही. प्रयोग फसला की तो त्या प्राण्यांना वाऱ्यावर सोडतो आणि पुढच्या जनावराकडे वळतो. वेल्स स्वतः समाजवादी, पुढे फेबियन सोसायटीत आलेले. परंतु त्यांच्या मोरोचा निषेध करणे सोपे आहे. बेट एकाकी, जबरदस्ती उघड आणि दोरखंड डोळ्यांना दिसणारे.

याच्या साठ वर्षे आधी गेओर्ग ब्यूश्नर या जर्मन तरुणाने जे लिहून ठेवले ते अधिक अवघड आहे. ब्यूश्नर वैद्यकाचा विद्यार्थी. १८३४ साली हेसेमधील शेतकऱ्यांना उद्देशून जहाल पत्रक काढल्यामुळे त्याला देश सोडावा लागला आणि १८३७ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी झुरिकमध्ये तो वारला. मागे राहिलेल्या कागदांत ‘वॉयत्सेक’ हे अपूर्ण नाटक होते.

वॉयत्सेक साधा सैनिक. पगारात भागत नाही म्हणून तो कॅप्टनची दाढी करतो आणि तेवढ्यानेही भागत नाही म्हणून डॉक्टरशी करार करतो. कराराप्रमाणे त्याने फक्त वाटाणे खायचे, लघवी तपासणीसाठी राखून ठेवायची आणि त्याबद्दल दिवसाला दोन ग्रॉशेन घ्यायचे. मिळेल ते पैसे तो मारी आणि तिच्या पोरासाठी नेऊन देतो. हळूहळू त्याला भास होऊ लागतात, नाडी बिघडते. डॉक्टरला हे पाहून दुःख नव्हे, आनंद होतो! तो पगारवाढ जाहीर करतो आणि विद्यार्थ्यांना बोलावून हा तीन महिने वाटाण्यांवर जगलेला माणूस दाखवतो. विज्ञानात क्रांती होणार, असे तो म्हणतो. क्रांती या शब्दाचा इतका स्वस्त उपयोग फार थोड्यांनी केला असेल. निकस अन्नावर सैनिक किती काळ तगतो, या ज्ञानाचा लाभ कोणाच्या तिजोरीत जमा होणार, हे निराळे सांगायला नको.

नाटकातील सर्वांत भेदक प्रसंग मात्र वेगळाच आहे. वॉयत्सेकने रस्त्यात भिंतीशी लघवी केली म्हणून डॉक्टर त्याला खडसावतो. निसर्गाच्या हाकेपुढे आपला इलाज नव्हता, असे तो गरीब सांगतो, तर डॉक्टर त्याला माणसाच्या इच्छास्वातंत्र्यावर व्याख्यान देतो! ज्याची इच्छा दोन ग्रॉशेनला गहाण पडली आहे त्यालाच इच्छास्वातंत्र्याचे पाठ दिले जातात. नाटकाचे मूळ ज्या खऱ्या वॉयत्सेकमध्ये आहे, त्याचा १८२४ साली लाइपझिगमध्ये प्रेयसीच्या खुनाबद्दल शिरच्छेद झाला. तो आपल्या कृत्याला पूर्ण जबाबदार होता, असा निर्वाळा डॉ. क्लारुस यांनी दिला होता. गरिबाच्या स्वतंत्र इच्छेची आठवण व्यवस्थेला नेमकी शिक्षा देतानाच व्हावी, हा योगायोग नव्हे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. वॉयत्सेकने करार स्वतः केला होता. तो मोडावा म्हटले तर त्याचे दोन ग्रॉशेन बुडतील आणि मारीच्या घरी तेवढे कमी पोहोचेल. आक्षेप खरा आहे. म्हणूनच प्रयोगाचे नियम कडक करून हा प्रश्न सुटत नाही; सैनिकाचा पगार पोट भरण्याइतका का नव्हता, येथपर्यंत मागे जावे लागते. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने प्रयोगासाठी स्वेच्छेची संमती अपरिहार्य ठरवली आणि बळजोरी, फसवणूक, दडपण यांपासून ती मुक्त असावी असे म्हटले. भूक हे दडपण धरायचे की नाही, हा निर्णय मात्र वाचणाऱ्यावर राहिला.

आपल्या देशात २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील बडोदा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये वसतिगृहांतील अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांच्या वा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात यावर कठोर ताशेरे ओढले. वॉयत्सेकने निदान करार स्वतः तरी केला होता. पुढे २०१९ च्या नियमांनी काही प्रकारच्या नव्या औषधांच्या चाचण्यांत, सहभागी व्यक्ती दुर्बल घटकांतील असेल तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केले. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. कार्यकर्त्यांनी अशा ठिकाणी जाताना ते मुद्रण जरूर मागावे आणि त्याबरोबर त्या घरात आठवड्याला किती मजुरी येते, तेही विचारावे.