वसुंधरा दिनाची जन्मकथा
(उत्सवातील भाषणाचा सारांश)



वसुंधरा दिन म्हटला की आपल्या मुलांना शाळेतली चित्रकला स्पर्धा आठवते. या दिवसाचा जन्म मात्र संतापातून झाला. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सांता बार्बराजवळ समुद्रातली तेलविहीर फुटली. किनारे काळे पडले, हजारो पक्षी मेले. ते पाहिल्यावर विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या मनात आले, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यापीठांत अभ्याससभा भरतात, तशा पर्यावरणासाठी का भरू नयेत? तारीख ठरली २२ एप्रिल १९७०. का, तर वसंतातली सुट्टी संपलेली आणि परीक्षा अजून दूर, म्हणजे विद्यार्थी हमखास सापडणार! आपल्या पंचांगात न बसणारा मुहूर्त. पंचविशीतल्या डेनिस हेसने संघटन केले, पण कार्यक्रम गावोगावच्या लोकांनीच ठरवले. सुमारे २ कोटी माणसे त्यात उतरली.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. याच तरुणांच्या संघटनेने पर्यावरणाच्या प्रश्नावर सर्वांत वाईट मतदान करणाऱ्या १२ खासदारांची यादी जाहीर केली. त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांतले ७ पडले. वर्षअखेरीस हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कडक कायदा झाला, १९७२ मध्ये पाण्यासाठीही.

१९९० मध्ये हा दिवस १४१ देशांत पोहोचला. आपल्याकडे चित्रकला आली, यादी तेवढी तिकडेच राहिली. म्हणून कार्यकारिणीला माझी सूचना आहे : येत्या २२ एप्रिलला मुलांच्या चित्रांबरोबर आपल्या नगरसेवकांनाही बोलवा, आणि विसर्जनाच्या तळ्याचे पाणी शेवटचे कधी तपासले, हे सर्वांसमक्ष विचारा.