तांबड्या पेशीची साक्ष

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



मी प्रयोगशाळेत रक्त तपासते. नांदेडच्या किंवा लातूरच्या मोंढ्यात तुरीचं पोतं गेलं, की व्यापारी काय करतो? मूठभर दाणे काढतो, तळहातावर पाहतो, अन् साऱ्या पोत्याचा भाव ठरवतो. आमचं कामही तसंच. थोडंसं रक्त पाहून शरीराचं हाल ओळखायचं.

भिंत विटांची, तसं शरीर पेशींचं. पेशी फार बारीक. ती सूक्ष्मदर्शकातूनच दिसते. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. १८६९ साली लांगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने त्यात पेशींचे छोटे पुंजके पाहिले. त्यांचं काम काय, हे त्याला उमगलं नाही. ते पुढे कळलं. त्यांतल्या काही पेशी इन्शुलिन नावाचा रस तयार करतात.

आपण भाकरी खातो. तिची साखर होऊन रक्तात येते. ती साखर पेशींत शिरावी म्हणून इन्शुलिन दार उघडतं. इन्शुलिन कमी पडलं, किंवा दार त्याला दाद देईना, तर साखर रक्तातच साचते. हाच मधुमेह.

आता आमच्या एका मामांची गोष्ट ऐका. तपासणी आली, की मामा दोन दिवस आधी गोड बंद करायचे, जेवण अर्धं करायचे. साखर बरी यायची. "मला काय बी झालं न्हाई," म्हणायचे. गोळ्या फडताळात पडून.

एकदा डॉक्टरांनी दुसरी तपासणी सांगितली. तिचं नाव एच-बी-ए-वन-सी. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. रक्तात साखर जास्त असली, की पेशीतल्या तांबड्या द्रव्याला ती जास्त चिकटते. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगते. दोन दिवसांच्या उपासानं तो पुसत नाही. साडेसहा टक्के किंवा अधिक आला, तर मधुमेह समजतात. अंगात रक्त कमी असलं तर आकडा चुकू शकतो, म्हणून डॉक्टर इतर तपासण्याही पाहतात.

मामांचा आकडा अकरा आला. मामा मान खाली घालून बसले. पण तोवर पायाची जखम चिघळली होती. अंगठा काढावा लागला. मामांनी फसवलं कुणाला? डॉक्टरांना नाही, स्वतःला.

काही बाया म्हणतात, "मी काडीवानी, मला कशी साखर?" पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी. अंगात मांस कमी, पण चरबी त्या मानाने टिकलेली. बारीक दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही चरबी लपलेली असू शकते. त्यालाही मधुमेह होतो.

म्हणून तिशी उलटली, की सरकारी आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्या. तपासणीआधी नेहमीसारखंच जेवा-खा. उपाशीपोटी या म्हटलं, तर तेवढंच पाळा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. रोज रात्री पाय पाहा.

आता तुम्हाला वाचता येतं. पुढच्या खेपेला तपासणीचा कागद हाती आला, की आकडा स्वतः वाचा.