सात संघांचा शार्दुल



कुंभवलीच्या कारखान्यातल्या कामगाराचा कंत्राटदार बदलला की त्याचा गेटपास बदलतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. खेळाडूने संघ बदलले की मात्र आपण लगेच म्हणतो, "हा कुठे टिकतच नाही!" आपल्याच पालघर तालुक्यातल्या माहीमचा क्रिकेटपटू शार्दुल ठाकूर घ्या. पंजाब, पुणे, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, पुन्हा चेन्नई, लखनऊ, आणि आता मुंबई. आयपीएलचे सात संघ झाले. अमेरिकन फुटबॉलमध्ये रायन फिट्झपॅट्रिक नऊ संघांकडून क्वार्टरबॅक म्हणून उतरला. हा हार्वर्डचा पदवीधर, पण त्यालाही कायमची जागा कुणी दिली नाही.

शार्दुल बोईसरच्या शाळेत होता. बोरिवलीचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला हेरलं, आपल्या शाळेत नेलं, राहायला स्वतःचं घर दिलं. कारण इथून रोजचा प्रवास सोपा नव्हता. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३मध्ये. त्याआधी किटबॅग घेऊन शटलमध्ये शिरणं काय असायचं, ते बोईसरकरांना मी काय सांगू?

ऑक्टोबर २०१८. हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी पदार्पण. दहा चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू दुखावला. पुढची कसोटी मिळाली थेट जानेवारी २०२१मध्ये, ब्रिस्बेनला, तीही बुमराह, अश्विन, जडेजा असे सगळे जायबंदी झाले म्हणून. भारत ६ बाद १८६. शार्दुलने खातं उघडलं तेच पॅट कमिन्सला षटकार मारून! वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी, स्वतःच्या ६७, आणि सामन्यात सात बळी. भारताने तो सामना जिंकला, मालिकाही जिंकली. दुसऱ्याच्या दुखापतीमुळे मिळालेली जागा होती, पण तयारी त्याची स्वतःची होती, आणि ती सव्वादोन वर्षं बाहेर बसून राखलेली होती. मला तर त्या सात बळींपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

बाजारभाव मात्र लहरी. २०२२च्या लिलावात दिल्लीने त्याला पावणेअकरा कोटी मोजले. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये दोन कोटींनाही कुणी हात वर केला नाही. तो धावा देतो, हे खरंच आहे. त्याच्या चाहत्यांनीही ते मान्य करावं. पण लखनऊचा मोहसिन खान जायबंदी झाला आणि संघाने बोलावलं ते यालाच. मार्च २०२५मध्ये हैदराबादच्या तुफान फलंदाजीसमोर त्याने ३४ धावांत चार बळी घेतले, आणि आयपीएलमधले शंभर बळीही त्याच सामन्यात पूर्ण केले.

रणजीत तो २०१२पासून मुंबईचाच. २०२४च्या उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध नवव्या क्रमांकावर येऊन त्याने शतक ठोकलं. २०२५-२६ला तो मुंबईचा कर्णधार झाला, आणि त्याच हंगामात, नोव्हेंबर २०२५मध्ये, मुंबई इंडियन्सने त्याला लखनऊकडून घेतलं. किंमत? तेच दोन कोटी.