धान्याची तोटी



पाण्याच्या टाकीला तोटी बसवणे सोपे. पण ज्वारीच्या कोठीला, किंवा आपल्या नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्रातल्या कोळशाच्या बंकरला तोटी बसवायची म्हटली, की पाण्याचे गणित तिथे चालत नाही.

शिक्षकमित्रांनी हे वर्गात करून पाहावे. डब्याच्या तळाला बोटभर रुंद भोक पाडा आणि पाणी भरा. पातळी उतरते तशी धार मंदावते. आता ज्वारी भरा. डबा भरलेला असो की अर्धा, धार जवळजवळ तीच! दाण्यांचा पुष्कळसा भार घर्षणामुळे भिंती उचलून धरतात. यान्सेन या जर्मन इंजिनिअरने १८९५ साली हे मोजून दाखवले.

मग धार ठरते ती मुख्यतः भोकावर. भोक दुप्पट रुंद करा, धार साडेपाचपटीच्या वर जाते. मात्र भोक अरुंद असले तर दाणे एकमेकांना खांदा देऊन कमान धरतात. म्हणून सर्वांत मोठ्या ढेकळाच्या साधारण सहापट तरी रुंदी ठेवावी. बेसनाला किंवा ओल्या कोळशाला एवढ्यानेही भागत नाही. त्यांचे कण चिकटतात.

कारखान्यात भोकाखाली फिरती झडप असते. रहाटगाडगेच म्हणा ना! वर कप्पा भरतो, खाली रिता होतो. समजा, एका फेऱ्यात वीस लिटर माल मावतो आणि मिनिटाला वीस फेरे होतात. म्हणजे चारशे लिटर. पण कप्पे पुरते भरत नाहीत, सत्तर टक्के धरा, झाले दोनशे ऐंशी. गहू लिटरला पाऊण किलो, तेव्हा तासाला साडेबारा टन. इथे सैल ओतलेल्या मालाचेच वजन घ्यावे, भरीव दाण्याचे नव्हे. लहान झडप स्वस्तात घेऊन जोरात फिरवणारे पुष्कळ आहेत. पण वेग फार वाढला की कप्पे भरायला सवडच मिळत नाही.

आणि कमान धरली की कोणीतरी बांबू घेऊन कोठीत उतरतो. हे मात्र कदापि करू नका. पायाखालची कमान ढासळली की माणूस काही क्षणांत छातीपर्यंत गाडला जातो, मग ओढूनही निघत नाही. आधी खालचे यंत्र बंद करा आणि बाहेरूनच ढोसा.