सगळ्या गोळ्या एका घोटात नकोत

आम्ही बचत गटाच्या बायका आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलो आहोत. तव्यावर भाकरी असेल तर असू द्या, हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज विषय आहे कॅल्शियमच्या गोळीचा.

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. आमची मासिक बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, पण आमच्या एक काकू भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "अंग जड झालंय गं, काही करवत नाही." काकूंना थायरॉइड आहे. गोळी एक दिवस चुकवत नाहीत. तरी रक्ताचा रिपोर्ट बिघडला होता आणि डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली होती.

"काकू, गोळी कधी घेता?"

"सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी."

"सोबत दुसरं काही?"

"गुडघ्यांसाठी कॅल्शियमची घेते की. विसरायला नको म्हणून दोन्ही एकाच घोटात."

"डॉक्टरांना हे सांगितलं होतं?"

"त्यात काय सांगायचं? ती काय औषध आहे होय? ताकदीची गोळी ती!"

मैत्रिणींनो, गोम इथेच आहे. कॅल्शियम पोटात गेलं की काही औषधांना चिकटून बसतं. दोन बायका एकमेकींचा हात धरून एकदमच एसटीच्या दारात शिरल्या तर दोघीही अडकतात, तसंच होतं. औषध रक्तात पुरतं उतरतच नाही. गोळी रोज घेतली जाते, पैसे रोज जातात, पण गुण येत नाही.

आम्ही काकूंना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्यायला लावली. डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटीच ठेवली आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत घ्यायला सांगितलं. या दोन गोळ्यांत निदान ४ तासांचं अंतर हवं. दोन महिन्यांनी रक्त तपासलं. रिपोर्ट सुधारला होता. मग डॉक्टरांनीच मात्रा पुन्हा कमी केली. काकूंनी स्वतःच्या मनाने काही बदललं नाही, हे लक्षात ठेवा.

आता गरोदर लेकी-सुनांबद्दल. सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक आणि कॅल्शियमच्या दोन मिळतात. कॅल्शियमच्या एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, सोबत ड जीवनसत्त्व. बाळंतपणानंतरही सहा महिने दोन्ही घ्यायच्या असतात. लोहाने रक्त वाढतं. ज्यांच्या खाण्यात कॅल्शियम कमी, त्यांना गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका कॅल्शियममुळे कमी होतो. दोन्ही हव्यातच. पण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट अंगी लागत नाही. मध्ये निदान दोन तास जाऊ द्यावेत.

आम्ही आमच्या गटात अशी वेळ बसवली आहे. सकाळच्या जेवणासोबत कॅल्शियमची एक, रात्रीच्या जेवणासोबत दुसरी. दोन्ही एकदम नाहीत, कारण एका वेळी जास्त घेतलं तर शरीर ते पुरतं शोषून घेत नाही. लोहाची गोळी दुपारी, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. तिच्या मागे-पुढे तासभर चहा नाही, दूध नाही. सुनेला कामात आठवण राहत नसेल तर सासूबाईंनी करून द्यावी. नातवंडासाठी एवढं कराल ना?

आणखी काही औषधं आहेत. जंतुसंसर्गासाठी डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं औषध देतात, तेव्हा "माझं कॅल्शियम चालू आहे, किती अंतर ठेवू?" असं आठवणीने विचारा. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते. ती उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्या वेळी कॅल्शियम घ्यायचं नाही. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, हृदयाचं औषध असेल, मुतखडा झालेला असेल किंवा किडनीचा त्रास असेल, तर विचारल्याशिवाय कॅल्शियम सुरूच करू नका. पित्तासाठी चघळायच्या काही गोळ्यांतही कॅल्शियम असतं, म्हणून त्याही डॉक्टरांना दाखवा.

पाकीट वाचायलाही शिकूया. त्यावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, पण त्यातून मिळणारं कॅल्शियम असतं ५०० मिलिग्रॅम. दुसरा आकडा महत्त्वाचा. ही गोळी जेवणासोबत घेतली की चांगली पचते.

आणि ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल! डॉक्टर ती बहुतेक वेळा आठवड्यातून एकदाच घ्यायला सांगतात. लवकर बरं वाटावं म्हणून कुणी रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम फार वाढतं. मग मळमळ, उलट्या, खूप तहान, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं होणं, असा त्रास होतो. असं झालं तर लगेच दवाखाना गाठा.

तुम्ही म्हणाल, एवढं लक्षात कसं ठेवायचं? ठेवू नका. एक पिशवी करा. घरात जी जी गोळी, पावडर, काढा, चूर्ण घेता, ते सगळं त्यात टाका. डॉक्टरांकडे जाताना पिशवी न्या. मेडिकल दुकानातून काही घेताना दाखवा. आशाताई घरी आल्या की त्यांच्यासमोर उघडा. "ताकदीची" म्हणून कुठलीही गोळी लपवू नका, आणि भीती वाटली म्हणून चालू औषध बंदही करू नका.

गोळी असो वा नसो, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिरा, दूध-ताक आणि सुकट खाणाऱ्या घरात सुकट हे ताटात असू द्या.

पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीसोबत आपापली पिशवी आणा. काकूही आणणार आहेत. आता त्या भिंतीला टेकून बसत नाहीत, हिशेब त्याच वाचून दाखवतात. येतो आम्ही. नमस्कार!